आइस्क्रीमचं लेबल आणि आपला वाद

रुग्णांचं किंवा नर्सचं आरोग्यविषयक ज्ञान मोजायचं तर अमेरिकेत घडलेली चाचणी मराठीत आणून वापरावी, की सगळं आपलं आपण घडवावं? मायदेशातल्या मित्रांचा हा वाद मी ब्रिटनमध्ये बसून ऐकत असतो. एक पक्ष म्हणतो, प्रश्नाला हात लावला की जगाशी तुलना संपली. दुसऱ्याला उसनी चाचणी हाच कमीपणा वाटतो.

इथे राहून मला दोन्ही पटेनासं झालंय. ‘न्यूएस्ट व्हायटल साइन’ ही आरोग्यसाक्षरतेची चाचणी अमेरिकेत २००५ साली प्रसिद्ध झाली. आइस्क्रीमच्या डब्यावरचं लेबल हातात द्यायचं आणि सहा प्रश्न विचारायचे. अख्खा डबा खाल्ला तर किती कॅलरी? शेंगदाण्याची ॲलर्जी असेल तर हे चालेल का? ब्रिटनने ती घेतली तेव्हा भाषा तीच होती, तरी लेबल इथल्या पद्धतीचं केलं आणि चाचणी नव्याने तपासली. ते काम २०१३ साली छापून आलं. त्यात कुणाचा स्वाभिमान दुखावल्याचं माझ्या कानावर नाही.

आपल्याकडे सगळा जोर भाषांतर समितीवर, आणि तोही बरोबर उत्तरावर. माझी खरी तक्रार चुकीच्या पर्यायांबद्दल आहे. अमेरिकेतल्या मिशिगनच्या, मधुमेहाविषयीचं ज्ञान मोजणाऱ्या १९९८च्या चाचणीत पहिलाच प्रश्न मधुमेहींच्या आहाराचा, आणि त्यातला एक पर्याय ‘बहुतेक अमेरिकन लोक खातात तसा’. चुकीच्या पर्यायाचं कामच मुळी नीट माहिती नसलेल्याला फसवणं. हा पर्याय जसाच्या तसा ठेवला तर मराठी रुग्ण तो वाचताक्षणी बाजूला टाकेल. चारांतले तीन उरले, प्रश्न सोपा झाला, गुण वाढले; ज्ञान होतं तेवढंच. मराठी पुन्हा इंग्रजीत उलटवून पाहिलं तर सगळं चोख जुळेल, म्हणजे ही गळती सापडणारही नाही.

कधी बरोबर उत्तरच देशागणिक बदलतं. हृदय बंद पडलेल्या लहान मुलाला युरोपच्या नियमावलीनुसार प्रशिक्षित माणूस आधी पाच श्वास देतो; अमेरिकेत सुरुवात छाती दाबण्यापासून होते. एकीकडे शिकलेली नर्स दुसरीकडच्या उत्तरपत्रिकेत नापास! याचा निकाल भाषातज्ज्ञ कसा लावणार?

म्हणून सगळंच बदलावं असंही नाही. पाय रोज धुऊन तपासावेत हे मधुमेहींना कुठेही लागू आहे. तो प्रश्न उगाच देशी करू नये. तुलना हवीच असेल तर अशा न बदललेल्या प्रश्नांपुरती करावी, आणि तेही दोन्हीकडे सारखेच चालतात का हे पाहून. बदललेला प्रश्न मात्र नवाच समजायचा: आधी काही लोकांना समोर बसवून ‘हे उत्तर का निवडलंत?’ असं विचारायचं, मग मोठ्या गटावर त्याची काठिण्यपातळी काढायची, जाणकार आणि अजाण यांच्यात तो फरक करतो का ते बघायचं. स्वदेशी चाचणीवाल्यांची यातून सुटका नाही. त्यांना हेच सगळं पहिल्या प्रश्नापासून करावं लागेल.