एक्सरेवर दात खाणं दिसतं का? १ स्टार रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार ताई, तुमचा रिव्ह्यू काल रात्री वाचला. तुम्ही लिहिलंय की दाढ दुखते म्हणून आलात, आम्ही ओपीजी (पूर्ण जबड्याचा एक्सरे) काढायला लावला, 'झोपेत दात खाता, हाड झिजलंय' असं सांगून नाईट गार्डचा (झोपताना दातांवर घालायच्या कव्हरचा) खर्च काढला, आणि दुसऱ्या डॉक्टरांच्या मते एक्सरेवर दात खाणं दिसतच नाही, म्हणजे आम्ही पैसे उकळतो. तुमच्या फाईलमधलं काही इथे चारचौघांत लिहिणार नाही, सगळ्यांना लागू पडेल तेवढंच सांगतो.

आधी आमची चूक. 'हाड झिजलंय' असं आमच्याकडून कुणी बोललं असेल तर ते चुकीचंच आहे, मनापासून सॉरी. नुसतं दात खाल्ल्याने हाड झिजत नाही हो. दाताभोवतीचं हाड खाली जातं ते पायरियाने, आणि तो आधीच असेल आणि वरून रात्रभर जोर पडत असेल तर दात जास्त हलायला लागतात, एवढं खरं.

उलट जोर पडला की हाड बऱ्याचदा घट्ट होतं. दाताचं मूळ आणि हाड यांच्यामध्ये एक बारीक काळी रेघ असते, दाताला धरून ठेवणाऱ्या तंतूंची जागा, जेमतेम पाव मिलिमीटर. दात सतत दाबले गेले की ती रुंद होते आणि तिच्या बाहेरची पांढरी रेघ जाड दिसते, हे ओपीजीपेक्षा एका दाताच्या छोट्या एक्सरेवर जास्त नीट कळतं. आणि गालावर बोटं ठेवून दात दाबून बघा, टणक गोळा लागतो ना, तो स्नायू जबड्याच्या कोपऱ्याला जिथे चिकटतो तिथली हाडाची कड काहींमध्ये खडबडीत झालेली दिसते.

पण तुमच्या दुसऱ्या डॉक्टरांचं म्हणणं मला बऱ्यापैकी पटतं. ती काळी रेघ उंच राहिलेल्या फिलिंगमुळे पण रुंद होते, आणि दात खाणाऱ्या कितीतरी जणांचा एक्सरे अगदी नॉर्मल येतो. म्हणून एकट्या एक्सरेवरून आम्ही ठरवत नाही, घासून सपाट झालेले दात, जिभेच्या कडेला उठलेले ठसे, सकाळी आखडलेला जबडा, घरच्यांना रात्री ऐकू येणारी करकर, हे सगळं जुळलं तरच बोलतो. दाढदुखीत ओपीजी काढतो तो अक्कलदाढ अडकलीय का, मुळाशी काही आहे का हे बघायला.

नाईट गार्डने दात खाणं थांबत नाही, दात झिजायचे वाचतात, आणि ते आजच्या आज घ्यायलाच पाहिजे असं काही नसतं, हे तुम्हाला तेव्हाच सांगायला हवं होतं.

ओपीजीची कॉपी काउंटरवर काढून ठेवायला सांगितलीय, ती तुमचीच आहे, कुठल्याही डॉक्टरांना दाखवा. माझ्याकडे आलात तर स्क्रीनवर एकेक रेघ दाखवतो, फी नाही, घरच्या कुणाला तरी सोबत आणा, रात्रीच्या आवाजाबद्दल त्यांनाच विचारायचंय.