फवारणीचा मजूर कायद्याबाहेर नाही

फवारणीच्या मजुरांवरच्या एका लेखात म्हटलंय की वावराला कारखाना कायदा लागू होत नाही, म्हणून फवारणी करणाऱ्या मजुराला संरक्षणच नाही. अर्धंच बरोबर आहे. कीटकनाशके नियम, 1971 फवारणीच्या कामालाही लागू आहेत. त्यातल्या नियम 37 प्रमाणे कामावर घेण्याआधी मजुराची वैद्यकीय तपासणी आणि पुढे दर वर्षी पुन्हा; दर तीन महिन्यांची तपासणी औषध बनवणाऱ्या कारखान्यातल्या कामगारांसाठी आहे. ऑरगॅनोफॉस्फेट (मज्जातंतूंवर परिणाम करणारं कीटकनाशक) औषध बनवत असतील तर त्या कामगारांचं रक्तातलं कोलिनेस्टरेज, म्हणजे या औषधानं कमी होणारं एक द्रव्य, दर महिन्याला मोजायचं. संरक्षक कपडे आणि श्वसनसाधनंही याच नियमांत आहेत. गावात हे कोणी पाळत नाही, ही खरी गोष्ट.

2017 ला यवतमाळात फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी-मजूर दगावले, ते नुसत्या निष्काळजीपणानं नाही. पराटी (कपाशी) डोक्याच्या वर गेली होती, नोझल वर धरून मारताना फवारा तोंडावरच येतो. वर घामानं भिजलेला दुपट्टा! तो औषध अडवत नाही, उलट तासन्‌तास कातडीला चिकटवून ठेवतो. म्हणून पूर्ण बाह्या, रबरी हातमोजे, वाऱ्याकडे पाठ, आणि नोझल तुंबलं तर तोंडानं फुंकायचं नाही, काडीनं किंवा ब्रशनं साफ करायचं.

डोळ्याची बाहुली टाचणीएवढी बारीक, तोंडाला लाळ, घाम, उलटी दिसली की कपडे काढून साबणानं धुवा आणि दवाखाना गाठा. सोबत औषधाची डबी न्याच. ॲट्रोपिन हा उतारा ऑरगॅनोफॉस्फेटवर चालतो, प्रत्येक औषधावर नाही. लेबल पाहिल्याशिवाय डॉक्टर अंदाजानं उपचार करतील.