‘तीन रात्री जागा, चौथ्या रात्री सुटका’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

‘पेनकिलरची सवय सात दिवसांत मोडा, डॉक्टरशिवाय, पैशाशिवाय’ असा एक मेसेज सध्या खान्देशात या ग्रुपवरून त्या ग्रुपवर फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: गोळी एका दिवसात बंद करा. झोप उडेल, उडू द्या, कारण अंगातलं विष बाहेर पडतंय. जाड पांघरूण घेऊन घाम काढा. तीन रात्री जागा, चौथ्या रात्री आपोआप गाढ झोप लागेल. अगदीच सहन झालं नाही तर अल्प्राझोलमची (घबराटीवर, झोपेसाठी देतात ती) अर्धी गोळी, नाहीतर एखादा पेग. सर्दीची गोळी तर निर्धोकच. रात्री जायफळ-खसखशीचं दूध. दिवसा डोळा लागला तर झोपून भरपाई करा. आणि सातव्या दिवशीही झोप आली नाही, तर समजा मनच कच्चं.

मी मेडिकलच्या काउंटरवर बसतो. केळीच्या गाड्या भरून कंबर गेलेले हमाल, जिनिंगमधली पोरं, गाडीवरून पडून पायात रॉड बसलेले, गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या आजीबाई, सगळे याच काउंटरवर येतात. ‘भाऊ, रातभर डोयाले डोया लागस नही’ हे वाक्य मला नवं नाही. म्हणून या मेसेजचा राग जरा जास्त आहे. त्यात एखाददुसरी गोष्ट बरोबर आहे, तीही सांगतो.

मेसेज ‘पेनकिलर’ म्हणतो आणि तिथेच थांबतो. कोणतं पेनकिलर? डायक्लोफिनॅक, एसिक्लोफिनॅक, पॅरासिटामॉल या गोळ्यांचे त्रास वेगळे, कुणाचा पोटाला, कुणाचा किडनीला, कुणाचा लिव्हरला. पण त्या सोडल्या म्हणून कोणी रात्रभर पाय झाडत बसत नाही. झोप उडवणारी जात वेगळी आहे: ट्रामाडॉल, टॅपेन्टाडॉल, कोडीन, मॉर्फिन. ही अफूच्या वाटेने मेंदूवर काम करतात. ट्रामाडॉल २०१८ पासून एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्याखाली आहे, ते उगाच नाही. स्ट्रिप उलटी करून औषधाचं नाव वाचा. ‘ट्रामाडॉल ३७.५ + पॅरासिटामॉल ३२५’ असं काही दिसलं आणि रोज, महिनोन्‌महिने घेत असाल, तर पुढचं तुमच्यासाठी आहे. (अशा दहा-बारा गोळ्या दिवसाला घेणारे लोक मी पाहिलेत. त्यांना झोपेआधी लिव्हरची काळजी करायला हवी, कारण तेवढ्यात पॅरासिटामॉलच तीन-चार ग्रॅम पोटात जातं.) नसांच्या दुखण्यासाठी सोबत प्रीगॅबालिन असेल तर तीही एकदम तोडली की झोप उडते. म्हणजे दोन्ही एकाच दिवशी सोडणाऱ्याचे हाल दुप्पट.

आता ‘एका दिवसात बंद करा’. मेसेजमधली बाकीची सगळी घाण या एका सल्ल्यातून निघते. मेंदूच्या तळाशी आपल्याला जागं आणि सावध ठेवणारं एक केंद्र असतं. ही औषधं त्याला दाबून ठेवतात. बैलाचा कासरा महिनोन्‌महिने मागे ओढून धरला की बैलही पुढे जोर लावायला शिकतो. कासरा एका झटक्यात सोडला तर तो उधळणारच. छाती धडधडणं, घाम, जांभया, नाक गळणं, अंगावर काटा, जुलाब आणि सताड उघडे डोळे, हे सगळं त्या उधळण्यातून येतं. ट्रामाडॉलमध्ये आणखी एक पेच आहे. ते सेरोटोनिन आणि नॉरअ‍ॅड्रेनॅलिन या मेंदूतल्या रसायनांवरही काम करतं. म्हणून काहींना एकदम सोडल्यावर प्रचंड घबराट होते, हातापायांत विचित्र झिणझिण्या येतात, क्वचित भासही होतात. हे सगळं रात्री दोन वाजता, घरात एकट्याने.

कासरा हळूहळू सैल करायचा असतो. अमेरिकेतल्या सीडीसी या सरकारी आरोग्यसंस्थेच्या २०२२ च्या मार्गदर्शनात वर्षभर किंवा जास्त काळ घेणाऱ्यांसाठी डोस दर महिन्याला साधारण १० टक्के कमी, किंवा त्याहूनही सावकाश, असा वेग सुचवला आहे. थोडे आठवडे किंवा महिनेच घेतलं असेल तर आठवड्याला १० टक्के. हे आकडे डॉक्टरसमोर बोलायला घेऊन जा, घरी बसून राबवायला नाही. विशेषतः स्ट्रिपवर ‘एसआर’ लिहिलं असेल तर ती गोळी तोडून, चावून डोस कमी करायला जाऊ नका. दिवसभर थोडं थोडं सुटायचं औषध एकदम सुटतं. कमी ताकदीची गोळी लिहून घ्यावी लागते.

एक गोष्ट धडगाव-अक्कलकुव्याकडच्या वाचकांसाठी. सिकलसेलचा (रक्ताच्या आनुवंशिक आजाराचा) झटका आल्यावर जे दुखतं त्याला कडक औषध लागतं, ते व्यसन नव्हे. त्या माणसाला हा मेसेज दाखवून कोणी गोळ्या हिसकावून घेत असेल तर त्याला थांबवा. गरोदर बाईनेही यातलं काही स्वतःच्या मनाने एकदम थांबवू नये.

‘विष बाहेर पडतंय म्हणून झोप येत नाही.’ ऐकायला छान, पण हिशोब उलटा आहे. साध्या ट्रामाडॉलचं अंगातलं प्रमाण साधारण सहा तासांत निम्मं होतं. म्हणजे दीड-दोन दिवसांत ते जवळपास संपतं. आणि सगळ्यात वाईट रात्र कोणती? दुसरी-तिसरी. औषध संपल्यावरची. तेव्हा बाहेर पडायला काही शिल्लकच नसतं. औषधाची सवय झालेल्या मेंदूला ते मिळत नाही, म्हणून हा त्रास. जे काही निघायचं ते लिव्हर आणि किडनीमार्गे निघतं, घामातून काढायची गरज नाही.

म्हणून पांघरुणाचा सल्ला मला नुसता चुकीचा नाही, जीवघेणा वाटतो. हा मेसेज लिहिणाऱ्याने भुसावळचा मे महिना पाहिलेला नसावा. पारा ४४-४५ वर, त्यात जुलाब आणि सोडण्याचा घाम, त्यावर गोधडी! अंगातलं पाणी आणि मीठ गेलं की छाती आणखी धडधडते, पायात गोळे येतात, उरलीसुरली झोपही जाते. ओआरएस घ्या, मीठ-साखर-लिंबाचं पाणी घ्या, गच्चीवर किंवा अंगणात बाज टाका. झोप लागायला अंग थोडं थंड व्हावं लागतं. झोपायच्या तासभर आधी कोमट पाण्याने अंघोळ केली तर ओढणारे पाय सैल पडतात, ते मात्र करा.

‘तीन रात्री जागा, चौथ्या रात्री गाढ झोप.’ अंग मोडणं, जुलाब, नाक गळणं हे सहसा आठवडा-दहा दिवसांत ओसरतं. झोप मात्र सगळ्यात शेवटी परतते. काही आठवडे धरून चाला, काहींना दोन-तीन महिनेही लागतात. ही औषधं गाढ झोप आणि स्वप्नांची झोप दोन्ही दाबतात. ती सुटली की स्वप्नांची झोप उसळून येते, म्हणून जरा डोळा लागला की भयानक स्वप्नं पडतात आणि माणूस दचकून उठतो. हे ठरलेलं आहे, वेड लागायची खूण नाही. चौथ्या रात्रीचं आश्वासन म्हणूनच वाईट. पाचव्या पहाटे माणूस म्हणतो, ‘मला काहीतरी वेगळंच झालंय,’ आणि जुन्या स्ट्रिपकडे हात जातो. त्यात झोप नसली की दुखणं जास्त वाटतं आणि औषध सोडतानाही वेदना काही काळ वाढते. कंबर पुन्हा गेली असं वाटतं. बऱ्याचदा ती गेलेली नसते.

आता ‘अर्धी अल्प्राझोलम नाहीतर एखादा पेग’. इथे माणूस मरतो. अफूच्या जातीची औषधं श्वास मंद करतात, अल्प्राझोलम-क्लोनाझेपामसारख्या गोळ्याही करतात, दारूही करते. डोस कमी करत असलेल्याच्या अंगात अजून ट्रामाडॉल असतं, त्यावर हे दोन पडले की झोपेतच श्वास थांबू शकतो. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियामकाने, २०१६ मध्ये या दोन्ही जातींच्या औषधांवर एकत्र घेण्याबद्दल सगळ्यात कडक इशारा छापायला लावला. ट्रामाडॉलने फिट येण्याचा धोका वाढतो, दारू त्यात भर घालते. आणि ज्या पेगने झोप येते म्हणतात तो पहिले दोन-तीन तास गुंगी आणतो, मग मध्यरात्री टक्क जागं करतो. ती क्वार्टर असो की सातपुड्यातली मोहाची, फरक नाही. महिन्याभराने अल्प्राझोलम सोडायची वेळ येते तेव्हा झोपेचं तेच रडगाणं दुसऱ्यांदा.

मेसेजने न सांगितलेलं आणि मला सगळ्यात महत्त्वाचं वाटणारं इथेच सांगतो. काही दिवस गोळी बंद राहिली की शरीराची सहनशक्ती उतरते. पूर्वी जो डोस सहज पचत होता, तोच आता जास्त होतो. ‘आज एक रात्र झोपू दे’ म्हणून दहाव्या रात्री जुन्या हिशोबाने मूठभर गोळ्या घेणारा माणूस सकाळी उठेलच असं नाही. घरच्यांनी उरलेल्या स्ट्रिपा घरात ठेवू नयेत. माणूस हलवून उठत नसेल, श्वास फार सावकाश असेल, घोरल्यासारखा गुरगुरत असेल, ओठ निळे पडले असतील तर ‘झोपलाय, झोपू द्या’ म्हणू नका. कुशीवर वळवा आणि १०८ ला फोन करा.

सर्दीची गोळी: ॲव्हिलसारख्या गोळ्यांनी पेंग येते खरी, पण पायांची ओढ आणि वळवळ त्या वाढवतात. या दिवसांत झोप मोडणाऱ्या गोष्टींत पाय पहिल्या नंबरला असतात. पाय खूपच चाळवत असतील तर रक्तातलं लोह तपासून घ्या, लोह कमी असेल तर हा त्रास वाढतो. सिकलसेल असेल तर न तपासता लोहाच्या गोळ्या नकोत.

जायफळ चिमूटभर दुधात, आजी देते तेवढं, त्याने बिघडत नाही. चमचाभर घातलं तर छातीत धडधड आणि भ्रम. घरातल्या खसखशीने ही झोप येणार नाही. आणि ‘ताकद वाढवायला’ पोस्त-डोडा (अफूच्या बोंडाची टरफलं) आणणारे असतात, तर त्यात मॉर्फिनच असतं, म्हणजे पुढच्या दाराने काढलेलं मागच्या दाराने आत. याच मेसेजच्या एका आवृत्तीत रात्री दोन केळी खायला सांगितलीत, मॅग्नेशियमसाठी. केळ्याने झोप आली असती तर रावेर-सावद्याचं कुणी जागं दिसलं नसतं. खा, पोटाला बरं.

‘दिवसा झोप आली तर झोपून घ्या.’ नको. रात्री कितीही वाजता डोळा लागो, सकाळी उठायची वेळ एकच ठेवा आणि उठल्यावर उन्हात या. उन्हाळ्यात दुपारी आपल्याकडे सगळेच आडवे होतात, तर तीनच्या आत वीस-पंचवीस मिनिटं, गजर लावून. दुपारनंतर चहा बंद. हे आपल्या लोकांना गोळी सोडण्यापेक्षा अवघड जातं, कबूल. पण चारच्या चहातलं निम्मं कॅफीन रात्री नऊपर्यंत अंगात असतं. बाजेवर तळमळत पडू नका. वीसेक मिनिटांत झोप लागली नाही तर उठा, ओट्यावर बसा, पोथी वाचा, लसूण सोला, मोबाइल सोडून काहीही करा. जांभई आली की परत या. घड्याळ भिंतीकडे तोंड करून ठेवा. एका रात्रीत गुण येत नाही, दोन-तीन आठवडे नेटाने करावं लागतं. पण या सगळ्या उपायांत टिकणारा हाच आहे.

मनच कच्चं, या वाक्याला उत्तर वर आलंच आहे. पक्क्या मनाच्या माणसाचाही मेंदू औषधाला सरावतो. याच्या जोडीला मेसेजच्या शेवटी एक टोमणा आहे, की डॉक्टर एक नशा काढून दुसरी देतात. तो बुप्रेनॉर्फिनबद्दल असावा. जिभेखाली ठेवायची ही गोळी मेंदूत अफूच्या औषधांच्याच जागी अर्धवट बसते, एका मर्यादेपुढे तिचा जोर वाढत नाही, ओढ आणि त्रास कमी होतो, झोपही हळूहळू बसायला लागते. सगळ्यांना ती लागत नाही. पहिला डोस कधी द्यायचा याला नियम आहेत, जुनं औषध अंगात असताना घेतली तर त्रास उलट भडकतो, म्हणून ती कुणाकडून मागून घ्यायची नाही. घाम-धडधडीसाठी क्लोनिडीन देतात, तेही रक्तदाब पाहूनच, नाहीतर जुलाबाने सुकलेला माणूस चक्कर येऊन पडतो.

जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्ही ठिकाणी आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं आहेत. तिथे मानसोपचाराची ओपीडी विचारा. फोनवर बोलायचं तर व्यसनमुक्तीसाठी १४४४६, आणि रात्री मन फार घेरलं, मरणाचे विचार आले तर टेली-मानस १४४१६. फिट आली, भास झाले, पाणीही पोटात टिकेना, तर ओपीडीची वाट न बघता थेट दवाखाना. जाताना रिकामी का होईना, स्ट्रिप सोबत न्या. दिवसाला किती गोळ्या, किती महिन्यांपासून, शेवटची कधी, सोबत दारू किंवा झोपेची गोळी होती का, हे कागदावर लिहून न्या. न झोपलेल्या माणसाला गर्दीत यातलं निम्मं आठवत नाही, आणि दारूचं तर घरचे सोबत असले की कोणी सांगतच नाही.