मतदार राहायला येण्याआधीच उरकलेली निवडणूक

ह्यूस्टनच्या आसपास घर घेणारी आपली मराठी मंडळी आधी शाळा बघतात, मग एचओए (वसाहतीतल्या घरमालकांची संघटना), आणि हल्ली 'मड टॅक्स किती?' हेही विचारतात. पण तो मड स्थापन कुणी केला, त्याच्या कर्जाला हो कुणी म्हटलं, हे कुणी विचारत नाही. मला तो सगळ्यात आधी विचारण्याचा प्रश्न वाटतो.

मड म्हणजे म्युनिसिपल युटिलिटी डिस्ट्रिक्ट. शहराच्या हद्दीबाहेरच्या नव्या वस्तीला पाणी, सांडपाणी आणि पावसाच्या पाण्याचा निचरा पुरवणारं छोटं सरकार. हो, सरकारच. त्याला कर लावता येतो, कर्जरोखे काढता येतात, सक्तीनं जमीनही घेता येते. अमेरिकेत अशी एकेका कामापुरती सरकारं 38 हजारांहून अधिक आहेत. कुठे अग्निशमनासाठी, कुठे ग्रंथालयासाठी, कुठे डासांच्या बंदोबस्तासाठी. टेक्ससमधल्या मडची पाळंमुळं 1917 च्या घटनादुरुस्तीत आहेत.

आता तो जन्माला कसा येतो ते बघा. ह्यूस्टनजवळच्या केटी गावाच्या बाजूला जिथे पूर्वी भातशेती होती तशी मोकळी जमीन डेव्हलपर घेतो. त्या क्षेत्रातल्या जमिनीच्या एकूण किमतीत ज्यांचा निम्म्याहून जास्त वाटा आहे, ते राज्याच्या पर्यावरण आयोगाकडे अर्ज करतात. म्हणजे बहुतेक वेळा तो डेव्हलपरच. दुसरा रस्ता विधिमंडळातून खास कायदा करून घेण्याचा. अर्ज मंजूर झाला की आयोग पाच तात्पुरते संचालक नेमतो. मग निवडणूक घ्यावी लागते: मड हवा की नको, आणि कर्जरोख्यांना मंजुरी आहे की नाही. मतदार मात्र त्या हद्दीत राहणारा हवा, आणि तिथे तर अजून घरंच नाहीत! म्हणून फिरतं घर आणून ठेवतात, त्यात दोन-चार माणसं राहायला येतात, आणि त्यांच्या मतांवर कोट्यवधी डॉलरची कर्जं मंजूर होतात. यात काही लपूनछपून चालत नाही. टेक्ससमध्ये ही वर्षानुवर्षांची रीत आहे.

ती माणसं निघून जातात. कर्ज राहतं, ते आपण फेडतो. घराच्या किमतीच्या 100 डॉलरमागे 1 डॉलर दर धरला तरी 4 लाखांच्या घरावर वर्षाला 4,000 डॉलर होतात. काउंटीचा आणि शाळेचा कर वेगळाच.

मड नकोतच असं मी म्हणत नाही. शहर पाइप टाकायला येणार नसेल तर कुणीतरी टाकायलाच हवेत, आणि घरं वाढली, बाजारभाव वाढले की कराचा दर बहुधा खालीही येतो. माझा आक्षेप संमतीला आहे. पहिल्या टप्प्याला लागेल तेवढंच कर्ज त्या सुरुवातीच्या मतदानानं मंजूर व्हावं. पुढचं प्रत्येक कर्ज, माणसं राहायला आल्यावर, त्यांच्याच मतानं. फ्लोरिडात 1967 साली डिस्नीसाठी झालेला रीडी क्रीक डिस्ट्रिक्ट तर जवळजवळ कंपनीच्याच हातात होता. 2023 मध्ये राज्यानं त्याचं नाव बदललं आणि संचालक नेमण्याचा अधिकार गव्हर्नरकडे दिला. म्हणजे रहिवाशांच्या हाती तो तेव्हाही आला नाही.

आपल्यातले कित्येक जण गावच्या ग्रामपंचायतीचा निकाल रात्र जागून फोनवर ऐकतात. इथल्या पाच संचालकांची नावं मात्र माहीत नसतात. एच-वनवाल्यांना आणि ग्रीन कार्डवाल्यांना मत नाही, कर मात्र पूर्ण, याचा मला खरंच राग येतो. तरी बैठका सगळ्यांना खुल्या असतात. अनेकदा त्या भर दुपारी, दूर शहरात वकिलांच्या ऑफिसात होतात. पण हद्दीत 50 मतदार राहायला आले की त्यातल्या पाच जणांनी लेखी मागणी करावी. मग संचालकांना बैठक हद्दीत घ्यावी लागते, आणि तिथे जागाच नसेल तर जवळपास. संचालकांची निवडणूक सहसा सम वर्षी मे महिन्यात असते. कुणी विरोधात उभं राहिलं नाही तर ती रद्द होते आणि तीच मंडळी बिनविरोध पुढे चालू राहतात.

घर घेताना विक्रेत्याला मडचा कागद द्यावाच लागतो. दर किती, मंजूर कर्ज किती, त्यातलं काढलेलं किती, सगळं त्यात असतं. सही करण्याआधी मंजूर आणि काढलेल्या कर्जातला फरक बघा; तेवढं कर्ज तुमच्या डोक्यावर अजून येऊ शकतं.

आमच्या मडची बैठक हद्दीत घ्यावी, असं मागणीपत्र मी लिहून ठेवलंय. आमच्या हद्दीत राहणारे, मतदार असलेले कुणी असाल तर मेसेज करा, सह्या हव्या आहेत.