शर्टाचा शेजारी

शर्ट घेणं हे मुळात पाच मिनिटांचं काम. अंगात बसतोय का, बटणं सगळी आहेत का, झालं. पण हिच्या हाती रंगचक्र लागल्यापासून आमच्याकडे शर्ट आणत नाहीत, त्यावर चौकशी समिती बसते.

पहिली साक्ष शिरांची. दिवसाच्या उजेडात मनगट उलटं धरायचं. शिरा निळ्या-जांभळ्या दिसल्या तर त्वचेची झाक थंड, हिरवट दिसल्या तर उबदार. माझ्या एका हाताच्या निळ्या, दुसऱ्याच्या हिरवट! ‘‘शिरांनासुद्धा ठाम मत नाही,’’ ही म्हणाली आणि मला ‘मध्यम’ गटात ढकललं. शाळेतही मी त्याच गटात होतो.

मग ते चक्र. न्यूटनने १७०४ साली प्रकाशावरचा आपला ग्रंथ छापला, त्यात सात रंग गोलात बसवले. हा गोल पुढे माझ्या कपाटात शिरेल हे त्याला कुठून ठाऊक असणार? चक्रात शेजारी बसलेले रंग गुण्यागोविंदाने नांदतात, समोरासमोरचे एकमेकांना उठाव देतात. निळ्यासमोर नारिंगी. म्हणून निळ्या शर्टावर नारिंगी पँट चढवून पाहिली, तर मी थेट रस्तादुरुस्तीवर निघाल्यासारखा दिसायला लागलो. मग कळलं की एक रंग भरपूर आणि दुसरा चिमूटभर घ्यायचा असतो. ते नारिंगीपण आता पायमोज्यांत मावलंय.

खरी मेख मात्र शेव्हरूल नावाच्या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने मारून ठेवली आहे. १८२४ साली तो पॅरिसच्या गोबेलिन्स या चित्रपडदे विणणाऱ्या कारखान्यात रंगाई खात्याचा प्रमुख झाला. तिथे तक्रार होती की काळा रंग पुरेसा काळा दिसत नाही. त्याने तपासलं तर रंगात काहीच खोट नव्हती, शेजारचे निळे-जांभळे धागे काळ्याला फिकं पाडत होते. प्रत्येक रंग शेजाऱ्यावर आपल्या विरुद्ध रंगाची छटा टाकतो, हे त्याने १८३९ साली सविस्तर छापलं. हा गृहस्थ १०२ वर्षं जगला. बायकोबरोबर शर्ट घ्यायला फारसा गेला नसावा.

त्या धाग्यांचं एक बरं होतं, शेजारी बदलता येत होता. माझ्या शर्टाचा शेजारी म्हणजे माझा चेहरा. लालभडक शर्ट घातला की हिरवट छटा चेहऱ्यावर येते. लिफ्टमध्ये भेटेल तो विचारतो, ‘‘पित्त झालंय का हो?’’

त्यात दुकानातले दिवे. आत शर्ट आणि पँट सख्खी भावंडं वाटतात, बाहेर उन्हात आलो की ओळखही दाखवत नाहीत. दोन कापडांतले रंग वेगवेगळे असले तरी एखाद्या दिव्याखाली सारखे दिसू शकतात. त्यामुळे मी हातात पँट घेऊन दुकानाच्या दाराकडे धावतो, आणि रखवालदार माझ्याकडे.

शेवटी समितीने शेवाळी हिरव्या शर्टावर शिक्का मारला. हिरव्यामुळे चेहऱ्यावर लाली येते, असा अहवाल होता. घालून ऑफिसात गेलो. साहेबांनी निरखून पाहिलं आणि म्हणाले, ‘‘चेहरा लाल दिसतोय, ताप आहे का? घरी जा.’’

अर्ध्या दिवसात परत आलेल्या मला पाहून ही आनंदाने ओरडली, ‘‘म्हणजे लागू पडलं!’’