टीव्हीचा आवाज ४२

आमच्या डोंबिवलीच्या घरात जवळजवळ चार वर्षं टीव्हीचा आवाज ४२ वर असायचा. म्हणजे संध्याकाळच्या बातम्या खालच्या मजल्यावरच्या काकूंना स्वतःचा टीव्ही न लावता ऐकता यायच्या. एकदा जिन्यात त्यांनी मला तसं सांगितलंही. हसत हसतच, पण सोसायटीत राहणाऱ्यांना ते हसणं बरोबर कळतं.

बाबा ७६ वर्षांचे. आपल्याला कमी ऐकू येतं हे त्यांना मान्यच नव्हतं. त्यांच्या मते आम्ही सगळे हल्ली तोंडातल्या तोंडात बोलायला लागलो होतो, आणि नातू तर मुद्दामच. आई एक गोष्ट तीनदा सांगायची. तिसऱ्यांदा आवाज चढायचाच. मग बाबा म्हणायचे, "ओरडतेस कशाला? बहिरा नाहीये मी." की झाला अबोला सुरू. म्हातारपणी माणसं चिडचिडी होतात, असं लोक म्हणतात. आम्हीही तेच धरून चाललो होतो.

शेवटी कानाचं यंत्र घ्यायचं ठरलं. दुकानात दोन्ही कानांचे मिळून ६० हजार सांगितले. "घेण्याआधी एकदा डॉक्टरांना कान तर दाखवा," असं बायको म्हणाली (घरातल्या शहाण्या सूचना बहुतेक तिच्याच असतात, आणि ती ही पोस्ट वाचणार आहे याचा या वाक्याशी संबंध नाही). ईएनटी (कान-नाक-घशाची) डॉक्टर तरुण मुलगी होती. तिने एका कानात दिवा घालून बघितलं, दुसऱ्यात बघितलं आणि म्हणाली, "काका, काय साठवून ठेवलंय हे?"

मळ. दोन्ही कानांत बूच मारल्यासारखा घट्ट बसलेला मळ.

पाच दिवस मळ मऊ करायचे थेंब घातले, सहाव्या दिवशी तिने बारीक नळीने तो ओढून काढला. पंधरा मिनिटांचं काम, आणि सगळं मिळून दीड हजाराच्या आत. घरी आल्यावर बाबा खुर्चीत बसले, वर बघितलं आणि म्हणाले, "हा पंखा कधीपासून असा वाजतोय?" पंखा सात वर्षं तसाच वाजतोय. त्या रात्री टीव्ही १८ वर होता. दुसऱ्या दिवशी चहा पिताना ते शांतपणे मला म्हणाले, "माझ्याबद्दल बोलायचं असेल तर स्वयंपाकघराचं दार लावून घेत जा."

डॉक्टरांनी सांगितलेली गोष्ट मला आधी कुणी सांगितली असती तर बरं झालं असतं. कानातला मळ ही घाण नाही, कानाने स्वतःच्या रक्षणासाठी केलेली सोय आहे. आपण जेवतो-बोलतो तेव्हा जबडा हलतो आणि तो आपोआप हळूहळू बाहेर सरकतो. आपण मात्र कापसाचे इअरबड घालून त्याला आत ठासतो. बाबांचं हत्यार तर स्कूटरची किल्ली होतं. त्याआधी आजीच्या चांदीच्या जुडग्यातलं कानकोरणं. चाळीस वर्षं रोज आंघोळीनंतर नेमाने ठासत होते बिचारे.

प्रत्येकाच्या कमी ऐकण्याचं कारण मळच असेल असं नाही, हे कळतं मला. बाबांचीही ऐकण्याची तपासणी नंतर झाली आणि वयाने थोडं कमी झालेलं निघालंच. पण ते थोडं होतं. बाकीचं सगळं बूच होतं, आणि त्या बुचापायी आमच्या घरात चार वर्षं भांडणं झाली.

तेव्हापासून माझं एक मत झालंय आणि ते मी भेटेल त्याला ऐकवतोय. आमच्या घराला सगळ्यात महागात पडलेलं निदान "आता वय झालं" हे आहे. ते कुठल्या डॉक्टरने केलेलं नाही. आम्हीच केलं, जेवणाच्या टेबलावर, फुकटात.

आईचंच बघा. आई पेपरातलं शब्दकोडं पेनने सोडवायची. पेन्सिल वापरणाऱ्यांबद्दल तिचं मत फारसं चांगलं नव्हतं. कधीतरी ते बंद झालं. वाती वळायची, त्या विकतच्या यायला लागल्या. एकदा भातात खडा लागला, बाबा बोलले, तेव्हापासून तांदूळ निवडायला ती सुनेला सांगू लागली. मला वाटलं, आता हिचं मन लागत नाही कशात. चक्क असं वाटलं मला. मी शिकलेला माणूस आहे.

खरा प्रकार असा होता की घरात दोघांत मिळून चष्मा एकच होता. आईचा स्वतःचा कधीतरी मोडला, तो दुरुस्त करायचा राहिला, आणि ती बाबांचा लावून भागवायची. बाबांचा नंबर वेगळा, आणि चष्मा बाबांच्या नाकावरून उतरणार कधी? पेपर वाचून झाल्यावर, म्हणजे साडेअकराला, म्हणजे तिची कुकर लावायची वेळ. कुणी तिला नाही म्हटलं नव्हतं, तिनेही कधी मागितला नव्हता.

आपल्या भाषेत या चष्म्याला 'चाळिशी' म्हणतात. ज्या वयात लागतो त्या वयाचंच नाव त्याला दिलंय, इतकी ही सर्वांना होणारी गोष्ट आहे. डोळ्यातलं भिंग वयानुसार कडक होत जातं, जवळचं बघायला ते फुगायला हवं ते फुगत नाही, आणि पेपर हाताएवढा लांब जातो. उपाय म्हणजे दोन बहिर्वक्र काचा. इतकं साधं, म्हणूनच कुणाला त्याचं महत्त्व वाटत नाही. आसाममधल्या चहामळ्यांत चाळिशी ओलांडलेल्या ७५१ मजुरांवर एक अभ्यास झाला, २०१८ साली 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. निम्म्यांना जवळचा चष्मा लगेच दिला, निम्म्यांना अभ्यास संपल्यावर. चष्मा मिळालेल्यांची चहापत्तीची तोडणी दुसऱ्या गटाच्या तुलनेत २१.७ टक्क्यांनी जास्त वाढली. बांगलादेशात अशाच एका अभ्यासात, तो २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला, चष्मा मिळालेल्यांची कमाई जवळजवळ एक तृतीयांशाने जास्त निघाली. नवं यंत्र नाही, प्रशिक्षण नाही, कर्ज नाही. नुसता चष्मा.

आईचा ४५० रुपयांत झाला, फ्रेमसकट. डोळे तपासताना मोतीबिंदूची सुरुवातही कळली, म्हणून सांगतो, रस्त्यावरचा तयार चष्मा घेतलात तरी एकदा डॉक्टरांकडे जा. काचबिंदू तर काही न बोलता नजर खातो. मोतीबिंदूची मात्र आता धास्ती नको. माझ्या आजोबांचं ऑपरेशन झालं तेव्हा डोळ्यातलं भिंग काढून टाकायचे आणि सोडावॉटरच्या बाटलीच्या बुडासारखा जाड चष्मा द्यायचे. आत नवं भिंग बसवण्याचा पहिला प्रयोग लंडनमध्ये १९४९ सालीच हॅरॉल्ड रिडली यांनी केला होता, पण ते भिंग कितीतरी वर्षं आपल्याकडच्या सामान्य माणसाच्या खिशाबाहेरच राहिलं. मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयाने १९९२ मध्ये 'ऑरोलॅब' काढून ती भिंगं इथेच बनवायला घेतली, आणि किंमत कुठल्या कुठे खाली आली. आजोबा थोडे उशिरा जन्मले असते तर, असं वाटतं.

शब्दकोडं पुन्हा सुरू झालंय. पेनने.

स्वस्त गोष्टीवर आपला विश्वास बसत नाही, हे यातलं मोठं दुखणं आहे. गावाकडे अजून "सलाईन लावा म्हणजे बरं वाटेल" असं पेशंटच डॉक्टरांना सांगतो. १९७१ साली पूर्व पाकिस्तानातून आलेल्या निर्वासितांच्या छावण्यांत पटकी पसरली. पश्चिम बंगालमधल्या बनगावला डॉ. दिलीप महालनबीस यांच्याकडचं सलाईन संपायला आलं. तेव्हा त्यांनी मीठ, खाण्याचा सोडा आणि ग्लुकोज पाण्यात कालवून ते प्यायला द्यायला सुरुवात केली. पाजायचं कुणी, तर रोग्याच्या नातेवाइकांनी. ३० टक्क्यांच्या आसपास असलेलं मरणाचं प्रमाण त्यांच्या छावणीत चार टक्क्यांच्या खाली आलं. साखरेच्या सोबतीने आतडं मीठ आत घेतं आणि मिठापाठोपाठ पाणी जातं, एवढंच त्यामागचं शास्त्र. महालनबीस २०२२ मध्ये गेले, पद्मविभूषण २०२३ मध्ये मिळालं. अशाच मिश्रणाची, म्हणजे ओआरएसची पुडी आजही औषधाच्या दुकानात मागितली की दुकानदार रंगीत बाटली पुढे करतो. पुडीच मागा.

मावशीचं थोडक्यात सांगतो. कोल्हापूरची मावशी वर्षभर चक्करेने हैराण होती. कुशीवर वळली की खोली गरगर फिरायची, मिनिटभरात थांबायची. पित्त झालं, बीपी झालं, मानेचा मणका झाला, गळ्यात पट्टा आला. शेजारणीने दृष्टही काढली. अखेर एका ईएनटी डॉक्टरांनी तिला पलंगावर झोपवून मान एका बाजूला, मग दुसऱ्या बाजूला, मग पूर्ण कुशीवर, मग उठून बसवलं. पाच मिनिटं. आपल्या आतल्या कानात कॅल्शियमचे बारीक खडे असतात, ते जागा सोडून तोल सांभाळणाऱ्या नळीत शिरले की मेंदूला वाटतं आपण फिरतोय. मान वळवून ते खडे परत जागेवर लोटायचे. जॉन एपली नावाच्या अमेरिकन डॉक्टरने ही युक्ती काढली, तेव्हा त्यांच्याच व्यवसायातल्या लोकांनी त्यांची टर उडवली होती म्हणे. इतका सोपा उपाय असेलच कसा! मावशीलाही दोन आठवडे तेच वाटत होतं. "औषध काहीच दिलं नाही रे त्यांनी," असं तक्रारीच्या सुरात सांगायची, तेही कुशीवर झोपून फोनवर. (चक्करेची कारणं पुष्कळ असतात. व्हिडिओ बघून घरी कुणाची मान फिरवू नका.)

पण मला खरं लिहायचंय ते खुर्चीबद्दल.

आईचं माहेर लांज्याजवळ. मामाकडे पाच दिवसांचा गणपती. चार वर्षं आई गेली नव्हती. दर वर्षी कारण नवं असायचं. नातवाची परीक्षा, गाडीला गर्दी, पाऊस, "आता घाट सोसत नाही रे मला". मामा दर वर्षी फोन करायचा आणि दर वर्षी थोडा कमी आग्रह करायचा. आम्ही मनाशी काय म्हटलं असेल ते तुम्हाला आता ठाऊक आहेच.

एका दुपारी बायकोने मला आत बोलावून सांगितलं, "आईंना खाली बसता येत नाही. मामांकडे भारतीय पद्धतीचा संडास आहे. म्हणून जात नाहीत." गुडघे दुखतात हे मला माहीत होतं. मलम मीच आणून द्यायचो. पण गुडघा आणि माहेर यांची सांगड मी कधी घातली नव्हती. लग्नाला गेलं की आई सकाळपासून पाणी पीत नाही, हेही मला त्या दिवशी कळलं. सुनेला माहीत होतं, मावशीला माहीत होतं, घरातल्या पुरुषांना कुणाला नाही. अशी गोष्ट मुलाला कोण सांगणार?

औषधांच्या सामानाच्या दुकानात गेलो. दुकानदार त्याला कमोड स्टूल म्हणतो. लोखंडी घडीची चौकट, मध्ये भोक असलेली बैठक, पायांना रबरी बुचं. साध्या संडासावर ठेवली की झालं. १८०० रुपये. त्याच महिन्यात मी माझ्यासाठी ५२ हजारांचा फोन घेतला होता, आणि जुना अजून चांगला चालत होता.

आईने आधी हात लावला नाही. "लोक काय म्हणतील, संडासाची खुर्ची घेऊन आली माहेरी." मग बाबांनी ती जुन्या सोलापुरी चादरीत गुंडाळली, सुतळीने बांधली आणि डिकीत घातली. वाटेत पोलिसांनी गाडी अडवली तर काय सांगायचं यावर ते आणि नातू महाडपर्यंत हसत होते. चिपळूणला थांबलो तेव्हा आईने स्वतःहून पाण्याची बाटली मागितली. अख्खी प्यायली.

चादरीत गुंडाळल्याचा काही उपयोग झाला नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी वाडीतल्या सगळ्या म्हाताऱ्या बायकांना बातमी लागली होती. एकेक जण गणपतीच्या पाया पडायला यायची, प्रसाद घ्यायची आणि मामीला हळूच विचारायची, "ती खुर्ची खंय ठेवलीस?" मग मागच्या दारी जाऊन बघून यायची. एक आजी तर परड्यातच बसून बघत होती, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून, मामी तिला धरून उभी. कुणी हसलं नाही. किमतीची चौकशी सगळ्यांनी केली.

निघायच्या दिवशी मी खुर्ची घडी करून डिकीत घालायला गेलो तर आई म्हणाली, "राहू दे इथेच. वहिनीचेही गुडघे गेलेत, ती कुणाला सांगत नाही."

मामा तिथेच उभा होता. त्याने एकदा मामीकडे बघितलं, एकदा खुर्चीकडे, आणि माझ्या हातातून ती काढून घेऊन घरात गेला. आता आमच्यासाठी दुसरी आणायची आहे. पुढच्या महिन्यात मावशीकडे कोल्हापूरला वास्तुशांत आहे.