सही कोणाची, गाडी कोणाची

आमच्या रस्त्यावर सध्या एक अर्ज दारोदार फिरतो आहे. दर वर्षी १ डिसेंबर ते १ एप्रिल हे चार महिने रस्त्याच्या एकाच बाजूला गाड्या लावू द्याव्यात आणि सम क्रमांकाच्या घरांची बाजू पूर्ण मोकळी ठेवावी, अशी विनंती अमेरिकेतल्या मिनियापोलिस महापालिकेला करायची आहे. म्हणजे रहिवासी स्वतःच म्हणताहेत की आमच्या दारात पार्किंगला बंदी घाला. ही बातमी मी घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली आणि पुण्यातल्या कोथरूडहून दादाचं उत्तर आलं, "बघा, याला म्हणतात नागरिक. नाहीतर आपल्याकडे!"

या सुस्काऱ्याला निमित्त आहे. २०२५च्या मे महिन्यात परिवहनमंत्री प्रताप सरनाईक यांनी जाहीर केलं की पार्किंगची जागा असल्याचा दाखला दाखवल्याशिवाय नव्या गाडीची नोंदणी होणार नाही. तेव्हापासून आमच्या ग्रुपवर हा विषय मिटलेला नाही. दादाला मुलासाठी दुसरी गाडी घ्यायची आहे. पहिली रस्त्यावरच असते. "मग मध्यमवर्गीयाने गाडी घ्यायचीच नाही का?" हा त्याचा सवाल. "रस्ता काय आपल्या वडिलांनी बांधलाय?" हे वहिनीचं उत्तर. भांडण या टोकाला आलं की दोघं माझ्याकडे वळतात, तुमच्याकडे कसं असतं ते सांग म्हणून.

तर आधी बर्फाचा हिशोब. इथले वस्तीतले रस्ते कागदावर तीस-बत्तीस फूट रुंद असतात, आमचाही तसाच. दोन्ही बाजूंना गाड्या लागल्या की चौदा फूट गेले, मध्ये फार तर अठरा उरले. उन्हाळ्यात तेवढे पुरतात. समोरून कोणी आलं तर एकाने जरा कडेला थांबायचं, हात करायचा, संपलं. डिसेंबरात प्लाऊ फिरू लागतो आणि रस्त्यावरचा बर्फ कडेला लोटतो. तो दुपारी थोडा वितळतो, रात्री गोठतो, त्यावर पुढच्या वादळाचा थर बसतो. जानेवारी सरेपर्यंत दोन्ही कडांना गुडघाभर उंचीचा, फावड्याला दाद न देणारा बांध तयार होतो. गाड्या त्या बांधाला लागून, म्हणजे मूळ कडेपासून तीन-तीन फूट आत उभ्या राहतात. अठराचे बारा झाले. अग्निशमन दलाचा बंब आरशांसकट दहा फुटांच्या घरात जातो. सरळ रस्त्यावर तो निघून जाईल, पण कोपऱ्यावर एखादी गाडी तिरकी लागलेली असली की अडकलाच.

गेल्या हिवाळ्यात कचऱ्याचा ट्रक असा अडकलेला मी खिडकीतून पाहिला. चालक खाली उतरला, दोन्ही आरसे हाताने मिटवले, पुन्हा वर चढून काचेतून डोकं बाहेर काढलं आणि इंचाइंचाने मागे घेत घेत निघून गेला. आमचा कचरा पुढच्या आठवड्यापर्यंत डब्यात गोठून राहिला. कचरा थांबतो, उणे वीस तापमानात तो कुजतही नाही. ॲम्ब्युलन्स थांबू शकत नाही, आणि आमच्या रस्त्यावर ऐंशीच्या पुढची माणसं बरीच आहेत.

अर्ज आकाशातून पडलेला नाही. २०२२-२३च्या हिवाळ्यात या शहरात नव्वद इंच बर्फ पडला, आजवरच्या नोंदींतला तिसऱ्या क्रमांकाचा. तेव्हा जानेवारीत महापालिकेनेच मुख्य रस्ते सोडून इतरत्र सम बाजूला पार्किंग बंद केलं होतं. महापालिका हे फक्त रस्ते फारच आकसले तरच करते. अर्जदारांचं म्हणणं असं की आमचा रस्ता दर वर्षीच आकसतो, मग आम्हाला ही सोय कायमची द्या.

एरवीच्या मोठ्या बर्फासाठी नियम वेगळा आहे. संध्याकाळी 'स्नो इमर्जन्सी' जाहीर होते. पहिल्या रात्री नऊपासून सकाळी आठपर्यंत मुख्य रस्त्यांच्या दोन्ही बाजू रिकाम्या करायच्या. दुसऱ्या दिवशी सकाळी आठ ते रात्री आठ बाकीच्या रस्त्यांची सम बाजू, तिसऱ्या दिवशी त्याच वेळेत विषम बाजू. चुकलात तर गाडी उचलून नेतात. मग दंड, उचलल्याचे पैसे आणि जितके दिवस गाडी त्यांच्या आवारात पडून राहील तितक्या दिवसांचं भाडं.

सम-विषमचा हा हिशोब पुणेकराला शिकवावा लागत नाही. पी-१, पी-२च्या पाट्या आपण लहानपणापासून बघत आलो. इथे घराच्या नंबरावर ठरतं, तिथे तारखेवर. फरक अंमलात आहे, आणि त्याचं कारण लोक 'संस्कृती' सांगतात तेव्हा मला हसू येतं. इथल्या मराठी मंडळात गणपतीच्या जेवणाला या शिस्तीचं कौतुक ऐकावं. कौतुक करणारे बहुतेक उपनगरांत राहतात, दोन-तीन गाड्यांची गॅरेजं असतात, आणि कित्येक उपनगरांत हिवाळ्यात रात्री रस्त्यावर गाडी ठेवायला मनाईच आहे. पार्किंगसाठी रस्त्यावर जागा शोधायची वेळ त्यांच्यावर येतच नाही. शहरात राहणाऱ्याला विचारा. फावडं घेऊन, धापा टाकत, शिव्या घालत तो गाडी हलवतो, कारण गेल्या खेपेस शेजाऱ्याची उचललेली त्याने पाहिलेली असते. बर्फ ही गोष्ट नगरसेवकाला फोन लावून पुढे ढकलता येत नाही, हाही त्यातला एक भाग.

इथवर मी अर्जाच्या बाजूनेच बोलतो आहे. तरी मी सही केलेली नाही.

आमच्या रस्त्यावरच्या बहुतेक घरांच्या मागून एक गल्ली जाते आणि प्रत्येकाचं गॅरेज त्या गल्लीत उघडतं. समोरचा रस्ता या मंडळींना पाहुण्यांपुरता लागतो. मलाही. पण कोपऱ्यावर विटांच्या दोन जुन्या इमारती आहेत, शंभर वर्षांपूर्वी भाडेकरूंसाठी बांधलेल्या, अर्ध्या जमिनीखाली असलेल्या मजल्यासकट. त्यांना पार्किंग नाही. तिथे एक सोमाली टॅक्सीवाला राहतो, तो रात्री दोनला परततो. वृद्धाश्रमात रात्रपाळी करणारी एक बाई आहे. एक बाजू बंद झाली की निम्मी जागा गेली. त्यांनी गाडी तीन रस्ते पलीकडे लावायची आणि पहाटे बर्फावरून चालत यायचं. आणि अर्जाचा तक्ता पाहिला तर एका पत्त्याला एक सही. त्या दोन इमारतींच्या वतीने सही करणार कोण, तर मालक, जे इथे राहतच नाहीत.

म्हणजे ज्यांना झळ लागणार नाही ते बंदी मागताहेत, आणि ज्यांना लागणार आहे त्यांना तक्त्यात रकानाच नाही. दादा ज्याला नागरिकपण म्हणतो त्यात हेही आलं. अर्ज घेऊन फिरणाऱ्या शेजारीणबाई भल्या आहेत. बंब अडकेल ही त्यांची भीती खरी आहे, त्यांच्या यजमानांचं हृदयाचं दुखणं आहे. त्यांच्या मनात कपट नाही. त्यांनी आपल्या खिडकीतून दिसतो तेवढाच रस्ता मोजला, इतकंच.

यात एक गाठ आणखी आहे. मिनियापोलिसने २०२१मध्ये नव्या इमारतींना पार्किंग बांधण्याची सक्ती काढून टाकली. निर्णय चांगला आहे असं माझं मत. सक्ती असली की प्रत्येक घराच्या किमतीत गॅरेजची किंमत मिसळते, गाडी नसलेल्याच्याही. पण मग रस्ता हीच अनेकांची पार्किंगची जागा होते, आणि ती अर्ध्यावर आणायची तर आधी पर्याय दाखवायला हवा.

महाराष्ट्रात प्रकार उलटा. तिथे बांधकाम नियमावली नव्या इमारतीत पार्किंग सक्तीने करायला लावते, आणि ती जागा बिल्डर वेगळे पैसे घेऊन विकत आला. सर्वोच्च न्यायालयाने २०१०मध्ये पांचाली सोसायटीच्या प्रकरणात स्पष्ट केलं की स्टिल्टखालची, म्हणजे खांबांवर उभ्या इमारतीच्या तळाची, जागा ही सामाईक असते, बिल्डरला ती सुटी विकता येत नाही. त्यानंतरही किती जणांनी 'पार्किंगचे वेगळे' दिले हे ज्याचं त्याने आठवावं. दादाची इमारत तर त्याही आधीची, तीन मजली, खाली जेमतेम स्कूटर उभ्या राहतात. त्याने जागेचा दाखला आणायचा कुठून? आणायचाच असेल तर मिळेलही म्हणा. गाडी न दाखवता पीयूसी मिळते हे ज्या राज्यात सगळ्यांना माहीत आहे, तिथे जागा न दाखवता जागेचा दाखला मिळायला किती दिवस लागतील?

या नियमाच्या बाजूने जपानचं उदाहरण नेहमी देतात. उदाहरण खरं आहे. तिथे १९६२च्या कायद्याने गाडी घेण्याआधी जागा दाखवावी लागते, घरापासून दोन किलोमीटरच्या आत, आणि तपासणी पोलिसांकडे असते. पण त्याच कायद्याने रात्री आठ तासांहून जास्त वेळ रस्त्यावर गाडी ठेवणं हाच गुन्हा आहे, हे सांगायचं राहून जातं. गाडी रस्त्यावर ठेवताच येत नाही म्हणून तिथे दाखल्याला अर्थ आहे. रस्ता मोकळा सोडून नुसता दाखला मागितला तर नियम फक्त उद्याच्या खरेदीदाराला लागेल. आज दादाची जी गाडी रस्त्यावर उभी आहे तिला कोणी हात लावणार नाही, उलट तिची जागा आणखी पक्की होईल. वहिनीला हे पटलं. दादाने अंगठ्याचा इमोजी टाकून विषय बदलला.

दादाचं एक मात्र मला अजिबात मान्य नाही. गाडी घेणं हा हक्क असेल, पण ती घराखाली फुकट उभी करणं हा हक्क नाही. पुणे महापालिकेने २०१८मध्ये रस्त्यावरच्या पार्किंगला दर लावायचं धोरण मंजूर केलं, तेव्हा केवढा गहजब झाला होता! मूठभर रस्त्यांवर प्रयोग करू म्हणाले आणि तोही रेंगाळला. ओरडणाऱ्यांत चारचाकीवाले पुढे होते. पीएमपीच्या थांब्यावर, लागलेल्या गाड्यांच्या पलीकडे, भर रस्त्यात उभं राहून बसला हात करणाऱ्या बाईचं म्हणणं कोणी विचारलं नाही. तिचीही त्या तक्त्यात सही नव्हती.

शेजारीणबाईंना मी दोन गोष्टी सुचवल्या. तारखा कायमच्या न बांधता, रस्त्याची मोकळी रुंदी अमुक फुटांखाली गेली की बंदी लागावी, असं लिहा. आणि कोपऱ्यावरच्या चर्चचं आवार रात्रभर रिकामं असतं, ते त्या चार महिन्यांपुरतं भाडेकरूंना मिळतं का विचारा. बाई जरा नाराज झाल्या, कारण तक्ता निम्मा भरला होता. तरी संध्याकाळी त्या विटांच्या इमारतींत जिने चढताना दिसल्या. तिथल्या बऱ्याच जणांनी "चर्चची जागा मिळाली तर हो" असं लिहून दिलंय. चर्चचं उत्तर यायचं आहे. ते आलं की सही करीन.

पुण्यासाठी विचारताच आहात तर दाखल्याच्या आधी एक सोपी गोष्ट करता येईल. रात्री अकरा वाजता अग्निशमन दलाचा बंब प्रत्येक अरुंद गल्लीतून एकदा नेऊन बघायचा. जिथे अडकेल तिथे एक बाजू बंद करायची, आणि ती खरोखर बंद ठेवायची. कोणत्या गल्लीत किती भाडेकरू, किती दुकानं, किती दुचाक्या हे आधी मोजायचं, म्हणजे एकाची सोय दुसऱ्याच्या माथी बसणार नाही. ग्रुपवर हे लिहिलं तर वहिनीचं लगेच उत्तर: आमच्या गल्लीपासून सुरुवात करा, पहिली गाडी आमचीच उचलतील, क्रेनवाल्याला चहा मी देते.